बोलणी कोणाच्या दारी?

काही वर्षांपूर्वी आम्ही डोंबिवलीकडच्या एका धर्मग्रामात सेवेस होतो. तेथील एक गृहस्थ एके दिवशी सायंकाळच्या मिस्सेनंतर वेदीमागच्या खोलीच्या दाराशी घुटमळत उभे राहिले. वडील मृत्युपत्र न करता वारले होते, आई त्याआधीच गेली होती. ठाण्याला, तलावामागच्या एका जुन्या वाडीत, वडिलांचे छोटेसे घर होते. थोरला भाऊ तेथेच राहत असे. धाकटा, म्हणजे आमच्याकडे आलेला, लग्नानंतर डोंबिवलीस आला, कारण ठाण्यात खोली घेण्याची ऐपत नव्हती. आता वाडी बिल्डरकडे जायची होती आणि हिश्श्यावरून दोघा भावांची बोलचाल बंद पडली होती.

समेट दोघांनाही हवा होता. अडले होते ते एवढ्यावरच, की बोलायला बसायचे कुठे! थोरल्याचा निरोप होता की बापाचे घर अजून उभे आहे, बोलणे व्हायचे ते त्या घरातच होईल. धाकटा म्हणे, “फादर, त्या घरात मी आजवर मुलगा म्हणून गेलो. आता पाहुण्यासारखा खुर्चीवर बसून माझा हिस्सा मागू? दादाने एकदा माझ्याकडे यावे.” ठाणे ते डोंबिवली हा लोकलने अर्ध्या तासाचाही प्रवास नाही. पण ते अंतर कोणी कापायचे, यावर वर्ष गेले होते.

आम्ही मनाशी हसलो. सज्ञान, बालबच्चेवाली माणसे आणि भांडण कशावरून, तर बैठक कुठे घ्यायची यावरून! आम्ही ठरवून टाकले की दोघांनीही धर्मगुरूंच्या निवासात यावे. प्रभूच्या घराची सावली, तिऱ्हाईत जागा, मध्ये आम्ही. रविवार ठरला. धाकटा वेळेआधी आला. थोरला आलाच नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही ठाण्यास त्यांच्या घरी गेलो. त्यांनी आमचा योग्य तो मान राखला, सरबत दिले आणि मग नम्रपणे म्हणाले, “फादर, तुमच्याविषयी मनात काही नाही. पण तो रोज तुमच्या मिस्सेला असतो. त्याचा मुलगा तुमच्या वेदीवर सेवा करतो. तुमची खोली ती त्याचीच खोली झाली.” आम्हांला हे फार लागले. तटस्थतेवर शंका घेतली गेली की धर्मगुरूला जे वाटते ते वाटले. मन निवेना म्हणून आम्ही स्टेशनकडे न वळता कोर्ट नाक्याच्या बाजूला चालत गेलो आणि ध्यानीमनी नसता मध्यवर्ती कारागृहाच्या भिंतीपाशी येऊन उभे राहिलो.

ठाणेकर मंडळी तलावांचे कौतुक सांगतात, पण या भिंतीकडे सहसा कोणी पाहत नाही. आणि ते स्वाभाविकही आहे. तुरुंगाकडे कोण आनंदाने पाहील? पण हा मुळात ठाण्याचा किल्ला. पोर्तुगीजांनी तो बांधावयास घेतला, १७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टीसह तो जिंकला आणि २८ डिसेंबर १७७४ रोजी मुंबईकर इंग्रजांनी तो मराठ्यांकडून हिसकावून घेतला. पुढची आठ वर्षे हा किल्ला आणि ही साष्टी कोणाची, या एका प्रश्नावर तह झाले, मोडले आणि पुन्हा झाले. त्यातला प्रत्येक तह कोणत्या जागी बसून झाला, हे त्या दिवशी भिंतीजवळ उभे असताना आमच्या मनात एकामागून एक येऊ लागले. सेमिनरीत असताना इतिहासाचे जे वेड लागले, ते असे अवेळी उपयोगी पडते.

नारायणराव पेशव्यांचा १७७३ मध्ये खून झाला. त्यानंतर राघोबादादा आणि पुण्याचे कारभारी यांचे वैर पेटले. राघोबांनी इंग्रजांचा आश्रय घेतला आणि ६ मार्च १७७५ रोजी सुरतेस मुंबईकरांशी तह करून साष्टी आणि वसई त्यांना लिहून दिली. म्हणजे ज्या माणसाच्या ताब्यात पुणे नव्हते, त्याने इंग्रजांच्या दारात बसून आमचे ठाणे देऊन टाकले! कलकत्त्याच्या वरिष्ठ मंडळाला हा मुंबईकरांचा उपद्व्याप मान्य झाला नाही. १७७३ च्या कायद्याने युद्ध व तह यांबाबतचा वरचा अधिकार कलकत्त्याकडे गेला होता. त्यांनी सुरतेचा तह अमान्य करून कर्नल अप्टन यास थेट पुरंदरावर धाडले. नाना फडणीस, सखारामबापू आणि तान्हे सवाई माधवराव त्या काळी तेथे होते. मुंबईकरांची तगमग पाहण्यासारखी होती. लढाई त्यांनी केली, किल्ला त्यांनी घेतला आणि बोलणी मात्र त्यांना वगळून, त्यांच्याच शत्रूच्या गडावर, बंगालहून आलेला माणूस करणार! त्यांनी कलकत्त्यास आपला वकील पाठविला, लंडनला तक्रारी लिहिल्या. त्यांचे म्हणणे वरवर साष्टीविषयी होते. आतले दुखणे हे, की पुरंदरावर बोलणी होणे म्हणजे राघोबा हा पेशवा नव्हे, खरे राज्य या गडावर आहे, असे पहिल्याच दिवशी कबूल करण्यासारखे होते. आणि ते खरेच होते. १ मार्च १७७६ च्या पुरंदरच्या तहाची कलमे पुढे लिहिली गेली. पण अप्टन गड चढला, तेव्हाच त्यातले सर्वांत मोठे कलम ठरून गेले होते.

साष्टी मात्र पुरंदरावरही परत मिळाली नाही. बोलणी आपल्या दारात झाली म्हणजे सारे पदरात पडते, असे नाही.

मुंबईकरांनी तो तह मनापासून पाळला नाही. राघोबांना गादीवर बसविण्यासाठी त्यांची फौज घाट चढली आणि १७७९ च्या जानेवारीत वडगावला कोंडली गेली. डोंबिवली-कल्याणहून पुण्याला जाणाऱ्या आमच्या वाचकांनी गाडी लोणावळा सोडून पुढे गेली की वडगावचे स्टेशन पाहिले असेल. तेथे बोलणी कुठे करायची हा प्रश्नच उरला नव्हता. वेढलेल्या फौजेला जागा निवडता येत नाही. इंग्रजांचा माणूस महादजी शिंद्यांच्या छावणीत गेला आणि ठाण्यासह साष्टी परत करण्याचे लिहून देऊन आला. फौज सुखरूप मुंबईस पोहोचताच ते लिहिणे मुंबईनेही झुगारले आणि कलकत्त्यानेही. गळ्यावर सुरी असताना ज्या जागी सही होते, तेथील शाई लवकर पुसली जाते.

त्यानंतर युद्ध आमच्या अंगणात आले. १७८० च्या मे महिन्यात इंग्रजांनी कल्याण घेतले. मराठे ते परत घेण्याच्या बेतात असतानाच कर्नल हार्टली येऊन पोहोचला. मलंगगडाच्या पायथ्याशी झुंज झाली, डिसेंबरात वसई पडली आणि दुगाडच्या रणात रामचंद्र गणेश कामी आले. भिवंडी, कल्याण, बदलापूर या पट्ट्यातल्या गावांनी दोन पावसाळे दोन फौजांना पोसले. आज आपण ज्याला सलग महानगर म्हणतो, ती सारी रणभूमी होती.

अखेर तह सर्वांनाच हवासा झाला. दक्षिणेत हैदरअलीने इंग्रजांना घाम फोडला होता. आणि मग जो प्रश्न आमच्या दोघा भावांना पडला, तोच त्या मोठ्या माणसांना पडला. बोलणी कुठे? नाना म्हणणार, पेशवा पुण्यात, तेव्हा पुण्यात. नागपूरच्या भोसल्यांच्या मध्यस्थीची भाषा झाली. मद्रासहून लॉर्ड मकार्टनी, सर आयर कूट आदी मंडळींनी १७८१ मध्ये पेशव्यांना परस्पर पत्र पाठवून तहाची तयारी दाखविली. इकडे जनरल गॉडर्डने आपला एक अधिकारी पुण्यास धाडला. पण वॉरन हेस्टिंग्जने ऑक्टोबर १७८१ मध्ये महादजींशी वेगळा समेट केला होता आणि सर्वसाधारण तहाचे सूत्र त्यांच्याच हाती द्यायचे ठरविले. गॉडर्डचा माणूस मागे घेण्यात आला आणि डेव्हिड अँडरसन महादजींच्या छावणीत दाखल झाला. ग्वाल्हेरच्या दक्षिणेला सालबाई नावाचे गाव आहे. तेथे १७ मे १७८२ रोजी तह झाला.

त्या तहाने काय ठरले? पुरंदरनंतर इंग्रजांनी घेतलेला मुलूख, म्हणजे वसई, कल्याण वगैरे, पेशव्यांकडे परत आला. साष्टी, घारापुरी, करंजा आणि आणखी एक लहानसे बेट इंग्रजांकडे राहिले. राघोबांना महिना पंचवीस हजारांची नेमणूक मिळाली. भडोच शिंद्यांना मिळाले. आणि दोन्ही पक्षांनी तह पाळावा यासाठी जामीन राहिले स्वतः महादजी.

वाचकहो, नकाशा डोळ्यांपुढे आणावा. ठाण्याची खाडी ही सरहद्द झाली. खाडीच्या अलीकडे ठाणे, कंपनी सरकारचे. पलीकडे कल्याण, पेशव्यांचे. १८१७-१८ मध्ये पेशवाई बुडेपर्यंत हीच स्थिती राहिली. पुढे मे १८५४ मध्ये आगगाडी ठाण्याहून कल्याणला पोहोचली आणि हे अंतर मिटले, असे आपण म्हणतो. पण ती पस्तीस-छत्तीस वर्षे एका काठचा ख्रिस्ती शेतकरी आणि दुसऱ्या काठचा त्याचा सोयरा वेगवेगळ्या सरकारांना सारा भरत होते. आणि ही रेघ आखली गेली ती शेकडो मैल दूर, ज्या गावाचे नावही साष्टीतल्या कोणी ऐकले नसेल अशा गावी.

बोलणी पुण्यात झाली असती, तर साष्टी परत मिळाली असती का? १७७९ मध्ये गॉडर्डशी बोलताना नानांनी साष्टीची मागणी धरून ठेवली होती. महादजींचे लक्ष उत्तरेकडे, दिल्लीकडे लागलेले. ज्याच्या छावणीत बसायचे, त्याच्या डोळ्यांनीच नकाशा पाहिला जातो. आमचे मत असे की नानांनी पुण्याचा आग्रह धरला तो मानासाठी खराच, पण केवळ मानासाठी नव्हे. म्हणून तर तह झाल्यावरही पुण्याचे शिक्कामोर्तब लांबत राहिले. ७ डिसेंबर १७८२ रोजी हैदर वारला, मग नानांचा हात सैल झाला आणि १७८३ च्या फेब्रुवारीत प्रतींची देवघेव झाली.

त्या संध्याकाळी आमच्या मनात आले की आपण ज्याला पोरकटपणा म्हणून हसलो, तो पोरकटपणा नव्हता. थोरला भाऊ ‘बापाच्या घरात बसू’ म्हणतो, तेव्हा ते घर बापाच्या जागी आता त्याचे झाले, हे तो आधीच वदवून घेतो. धाकटा ‘माझ्याकडे ये’ म्हणतो, तेव्हा डोंबिवलीला गेलेला मुलगाही बरोबरीचा वारस आहे, हे त्याला आधी मान्य करून हवे असते. हिश्श्याचे बोलणे सुरू होण्याआधीच ते असे अर्धेअधिक झालेले असते.

पवित्र शास्त्र उघडले तरी हेच. यरुशलेमचा कोट बांधणाऱ्या नहेम्याला सनबल्लटाने ओनोच्या मैदानात भेटीस बोलावले. एकदा नव्हे, चार वेळा. नहेम्या गेला नाही, कारण बोलावण्यामागचा हेतू त्याने ओळखला होता. आणि आपल्या मातीतले उदाहरण तर शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. अफझलखानाने वाईस तळ दिला होता. भेट वाईस नको, प्रतापगडाच्या पायथ्याशी व्हावी, हे पंताजी गोपीनाथांनी गोड बोलून खानाच्या गळी उतरविले. १० नोव्हेंबर १६५९ च्या भेटीत पुढे काय झाले ते सांगावयास नको. खान वाईहून हलला तेव्हाच पारडे झुकले होते.

आम्हां धर्मगुरूंनाही या बाबतीत फार बोट दाखविता येत नाही. युरोपात तीस वर्षांचे युद्ध संपविण्यासाठी दोन शहरांत बोलणी झाली. कॅथलिक सत्ता म्युन्स्टरला, स्वीडनचे प्रॉटेस्टंट पन्नासेक किलोमीटरांवरच्या ओस्नाब्रुकला. पोपमहोदयांचे प्रतिनिधी फाबिओ किजी हे पाखंड्यांशी एका जागी बसण्यास राजी नव्हते. हेच पुढे सातवे अलेक्झांडर म्हणून परमगुरुपदी बसले. दोन गावांतून घोडेस्वार कागद घेऊन धावत राहिले आणि २४ ऑक्टोबर १६४८ रोजी एकदाच्या सह्या झाल्या. तोवर माणसे मरतच होती. व्हिएतनामच्या वेळीही आधी शहर कोणते, यावर खल झाला. १९६८ च्या मे महिन्यात पॅरिस ठरले. मग टेबल गोल की चौकोनी, यावर सुमारे दहा आठवडे गेले. लोक हसले. पण टेबलाला किती बाजू हा वाद म्हणजे दक्षिणेतल्या बंडखोरांना स्वतंत्र पक्ष मानायचे की नाही, हाच वाद होता.

आणि व्हॅटिकन? १९७८ मध्ये बीगल खाडीवरून अर्जेंटिना आणि चिली लढाईच्या उंबरठ्यावर होते. दुसऱ्या जॉन पॉल महोदयांनी कार्डिनल सामोरे यांना मधे घातले आणि २९ नोव्हेंबर १९८४ रोजी व्हॅटिकनमध्येच तह झाला. त्याचा आपल्याला सार्थ अभिमान आहे. पण २०२५ च्या मे महिन्यात नूतन पोप चौदावे लिओ यांनी युद्धरत राष्ट्रांना एकमेकांसमोर बसता यावे यासाठी परमपीठ तयार असल्याचे सांगितले, तेव्हा रशियाचे परराष्ट्रमंत्री लावरोव्ह यांनी ती कल्पना बाजूला सारली. दोन ऑर्थोडॉक्स देशांनी कॅथलिकांच्या जागी बसून वादाच्या मुळाविषयी बोलणे शोभणार नाही, असा त्यांचा रोख होता. त्या महिन्यात आणि पुढेही बोलणी झाली ती इस्तंबूलला. ही बातमी वाचताना आम्हांला ठाण्याचे ते घर आणि ते सरबत आठवले. अर्जेंटिना आणि चिली दोघेही कॅथलिक, म्हणून व्हॅटिकन दोघांचे होते. आपण तटस्थ आहोत, हे आपण कितीही सांगितले तरी ते ठरविणारे आपण नसतो. लावरोव्ह यांचा हेतू काय होता, याविषयी आमचे मत फारसे चांगले नाही. पण आमच्या थोरल्या भावाच्या मनात कपट नव्हते. त्याला आमची खोली परकी वाटत होती, इतकेच.

तर त्या दोघांकडे वळू. आम्ही आपली खोली मागे घेतली आणि दोघांना वेगवेगळे विचारले की तुम्हांला अडचण वाटणार नाही अशी एखादी जागा सांगा. थोरला म्हणाला, “आमच्या बहिणीकडे चालेल.” धाकटा म्हणाला, “ताईकडे बसू.” ही मधली बहीण, दिव्याला राहणारी. ठाणे आणि डोंबिवली यांच्या मधले ते स्टेशन, म्हणून आम्हांला ही निवड दैवी वाटली. “ताई मध्ये बोलायची नाही,” असे धाकट्याने वर सांगितले. थोरल्याचेही तेच म्हणणे. दोघांचे एका गोष्टीवर मात्र पहिल्यापासून एकमत होते. बिल्डरच्या वकिलाला सर्व वारसांच्या सह्या हव्या होत्या, तेव्हा बहिणीकडून हक्कसोडपत्र घ्यायचे. हे आमच्यासमोर दोनदा बोलले गेले होते आणि आम्ही दोन्ही वेळा मान डोलावली होती.

ठरल्या दिवशी आम्ही तिघे तिच्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत जमलो. खुर्च्या तीनच होत्या. तिने चहा दिला, आम्ही छोटीशी प्रार्थना केली आणि विषयाला हात घालणार, तोच ती आतून एक स्टूल घेऊन आली आणि बसली.

“दादा,” ती म्हणाली, “कुठे बसायचे यावर तुम्ही दोघे वर्षभर भांडलात. मला एकानेही विचारले नाही, की तू कुठे बसणार? सही मात्र माझी हवी.”

कोणी बोलेना. थोरल्याने आमच्याकडे पाहिले. आम्ही चहाच्या कपाकडे पाहिले. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे ख्रिस्ती माणूस मृत्युपत्र न करता गेला, तर मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखा असतो. हे आम्ही विवाहपूर्व शिबिरांत किती जोडप्यांना शिकविले असेल! सालबाईला ना साष्टीचा कोळी होता ना कल्याणचा कुणबी, यावर आम्ही तुरुंगाच्या भिंतीशी उभे राहून हळहळलो होतो. आणि हिशेबात आम्ही स्वतः दोनच वारस धरून चाललो होतो.

त्या दिवशी काहीच ठरले नाही. थोरला रागाने उठला, मग जिन्यातून परत आला. पुढे आणखी तीन बैठका झाल्या, तिन्ही दिव्यालाच. बहिणीने आपला वाटा पैशात घेतला, भाव थोडा कमी लावून, आणि तो कमी का लावला याचे कारण तिने आम्हांला सांगितले नाही. शेवटच्या बैठकीला धाकटा डोंबिवलीहून गर्दीच्या गाडीतून येताना एक प्लास्टिकची खुर्ची घेऊन आला होता.